मास्तरांच्या दोन फायली

मास्तर तसे गरीब स्वभावाचे. पण गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याचा कोट घेऊन आलं आणि ‘त्यांनी असं केलं होतं, तुम्ही तसं करा’ म्हणालं, की त्यांचं डोकं फिरायचं. ‘मग त्यांच्याकडेच जा’ असं तोंडावर सांगून मोकळे व्हायचे. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही आणि आपल्या कामात कुणाला खुपसू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. शिवणकामात तो चालून गेला. मास्तरांनी तोच डॉक्टरांनाही लावला आणि तिथे घोळ झाला.

मास्तरांना डॉक्टर दोन. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून एक, ते रक्त पातळ ठेवायची गोळी देत आणि महिन्याला रक्त तपासत. दुसरे त्वचेचे, सोरायसिससाठी. दोघांच्या फायली दोन वेगळ्या पिशव्यांत, दुकानातल्या दोन वेगळ्या खिळ्यांना. त्वचेच्या डॉक्टरांनी नवी गोळी सुरू करताना विचारलं होतं, आणखी काही औषध चालू आहे का. मास्तर झटकन ‘नाही’ म्हणाले. एका कारागिरासमोर दुसऱ्या कारागिराचं नाव काढून त्याचा अपमान कशाला करायचा, एवढाच त्यांचा विचार. खुळा होता, पण वाईट नव्हता.

त्या गोळीने मात्र कमाल केली. अकरा वर्षं मास्तरांच्या हातांवर आणि कोपरांवर लालसर चट्टे होते, त्यांचे खवले सुटायचे. हा रोग लागत नाही हे ते सांगून थकले, पण माप देताना गिऱ्हाईक अंग चोरायचंच. एकदा एका आईने आपल्या मुलाला दंडाला धरून मागे ओढलं. त्या दिवशी मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि बाईंच्या हाती दिली.

बाई म्हणजे दुकानात काज-बटण करणाऱ्या बाई. वयाने मास्तरांपेक्षा मोठ्या, जिभेला हाड नाही, पण काजं अशी की कोटापेक्षा काजांचंच कौतुक व्हावं. नऊ वर्षं त्या माप घ्यायच्या, आकडे सांगायच्या, आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून लिहायचे. नव्या गोळीने तीन महिन्यांत हात साफ झाले. मास्तर पुन्हा स्वतः माप घेऊ लागले, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून, विनाकारण जरा जास्तच वेळ. गिऱ्हाईक गेलं तरी टेप गळ्यातच. बाईंना मनापासून बरं वाटलं, पण तसं कबूल करतील तर त्या बाई कसल्या. माझं एक काम कमी झालं, एवढंच म्हणाल्या.

अशात एका प्रयोगशाळेची वीस पांढऱ्या कोटांची ऑर्डर आली. शिंप्याला सुई टोचतेच, त्यात नवल नाही. थेंब कापडावर पडला तर एक साधी युक्ती असते: ज्याचं रक्त त्यानेच आपली थुंकी दोऱ्याच्या बोळ्याला लावून तो टिपायचा, डाग निघतो. दुसऱ्याच्या थुंकीने निघत नाही, असं शिंपी पक्कं मानतात. म्हणून डाग असलेला कोट काजांना आला, की बाईंना तो मास्तरांकडे परत पाठवावा लागायचा. पहिल्या दिवशी एक पाठवला. चौथ्या दिवशी पाच. त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण वयाने नजर कमी झाली असेल असं धरून त्या पुन्हा काजांना लागल्या.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी एक कोट परत दिला. मास्तरांनी बोळा तोंडात ओला केला आणि कॉलरवर टेकवला. डाग निघाला नाही, मोठा झाला. गुलाबी. मास्तरांनी पुन्हा बोळा तोंडात घातला. थुंकीतच रक्त होतं.

“मास्तर, तोंड उघडा,” बाई म्हणाल्या.

हिरड्यांच्या कडा लाल होत्या. बाह्या वर करायला लावल्या तर दंडावर निळे-काळे डाग, कुठे आपटल्याचं आठवतही नव्हतं. दहा-बारा दिवस हे चाललं होतं. तपासणीची आठवण करणारी बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे रक्ताची तपासणी दोनदा चुकली होती. आणि दुसऱ्या वेळी ती निव्वळ विसरल्यामुळे नव्हे, हेही बाईंनी त्यांच्या तोंडावरून ओळखलं.

“सांगितलं तर गोळी बंद करतील, बाई,” मास्तर म्हणाले. “हात पुन्हा तसेच होतील.”

“आणि रक्त थांबलंच नाही तर? साफ हात घेऊन कुठे जाणार आहात?”

बाईंनी भर सकाळी दुकानाचं शटर ओढलं, खिळ्यांवरच्या दोन्ही पिशव्या काढल्या आणि हृदयाच्या डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या. इतक्या वर्षांत प्रथमच त्या फायली एकमेकींना लागल्या असतील.

डॉक्टर दुसरी फाईल वाचता वाचता थांबले. लगेच रक्त तपासलं. रक्ताच्या पातळपणाचा जो आकडा दोन आणि तीनच्या मध्ये असायला हवा, तो आठच्या वर गेला होता. त्वचेच्या गोळीने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर हळूहळू वाढवला होता. सुई टोचली ते नशीब, डॉक्टर म्हणाले, हेच डोक्यात आतल्या आत झालं असतं तर कळलंही नसतं. मग त्यांनी मास्तरांसमोरच त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला. मास्तर मान खाली घालून बसले, आता दोघांचं वाजणार म्हणून. दोघं पाच मिनिटं बोलले, एकमेकांना विचारत, आभार मानत. कुणाचाही अपमान झाला नाही. मास्तरांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकं हलकंही.

तीन दिवस इस्पितळात काढून मास्तर सुखरूप परतले. तोवर बाईंनी डागाळलेले कोट थंड पाण्यात भिजवून, घासून पांढरेशुभ्र केले होते. थुंकीबिंकीचं काही नसतं, म्हणाल्या. त्वचेची गोळी बंद झाली. मलम आलं, दुसरं काही देता येईल का ते दोन्ही डॉक्टर मिळून ठरवणार होते. महिन्याभरात बोटांच्या पेरांवर चट्टे परतले, मग हातभर पसरले.

एका दुपारी मास्तरांनी गळ्यातली टेप काढून बाईंसमोर धरली. पुन्हा तुमच्याकडे, म्हणाले. मग जरा घुटमळले.

“तुम्ही नसता तर आज मी नसतो, बाई. तुमचे उपकार मी कसे फेडू?”

“एक कोट शिवा. माझा, थंडीचा. जन्मभर दुसऱ्यांच्या कोटांना काजं केली.”

मास्तरांनी मान हलवली आणि टेप आणखी पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही. उठल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून, दोन्ही हात जरा बाजूला घेऊन उभ्या राहिल्या.

“स्वतःच्या पाठीचं माप स्वतः घेता येतं का? घ्या तुम्ही.”

“हात बघितलेत का माझे?”

“नऊ वर्षं बघतेय.”

मास्तरांनी टेपचं टोक बाईंच्या एका खांद्यावर बोटाने दाबून धरलं आणि दुसऱ्या खांद्यापर्यंत नेलं. बाई हलल्या नाहीत. साडेचौदा, मास्तर म्हणाले, आणि डोळे भरून आल्यामुळे त्यांना टेप पुन्हा लावून बघावी लागली.