हालदिसची वजावट

एकेचाळीस वर्षं मासळी तोलणाऱ्या हालदिसच्या हातून एकच वजन चुकलं, आणि तेही स्वतःचं.

लांगस्केर बेटाच्या धक्क्यावर ती काट्याची बाई होती. होडी लागली की कॉड मासळीचे टब एकेक करून काट्यावर चढायचे. काट्याचा आकडा कोणालाही वाचता येतो, खरं काम पुढचं. टबाचं वजन, बर्फ, पाणी, तळाशी साचलेला लगदा हे सगळं नजरेनं वजा करून हालदिस उरलेला आकडा मोठ्यानं सांगायची. घेणारे म्हणायचे, बाईनं वजावट कमी धरली. होडीवाले म्हणायचे, जास्त धरली. दोघंही कुरकुरत असल्यामुळे तिचं बरोबर आहे हे सगळ्यांना कळायचं. एखादा नवखा हुज्जत घालायला लागला की तिचं वाक्य ठरलेलं होतं, "तू टब ठेव. वजावट माझ्यावर सोड." त्यापुढे बोलायची कोणाची बिशाद नव्हती.

अशा बाईला एकोणऐंशीव्या वर्षी लोकांनी सांगावं की तुला आता एकटीनं राहणं झेपायचं नाही, म्हणजे काय! पण सांगायची वेळ आली होती खरी. तिचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साठायचं, मग ते फुप्फुसात चढायचं आणि श्वास कोंडायचा. एका शरद ऋतूत दोनदा हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. दुसऱ्या खेपेनंतर नगरपालिकेचं पत्र आलं. पुन्हा असं झालं तर शहरातल्या वृद्धाश्रमात खोली राखून ठेवली आहे, असं त्यात अगदी गोड भाषेत लिहिलं होतं. हालदिस ती खोली बघूनही आली. खोली चांगली होती, उबदार होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती.

"समुद्र कुठंय?" तिनं विचारलं.

"इमारतीच्या पलीकडे," तिथली बाई म्हणाली.

हालदिस घरी परतली आणि दोन दिवस समुद्राकडच्या खिडकीपासून हलली नाही.

त्यातून मार्ग काढला इंगूननं. इंगून शहरातल्या रुग्णालयात नर्स, वय पस्तिशीचं, पण शेजारच्याच बेटावरची कोळ्याची लेक. रुग्णालयात एक संशोधन चालू होतं. दूर बेटांवरच्या हृदयरोग्यांची घरच्या घरी, पडद्यावरून काळजी घेता येते का, हे त्यांना एक हिवाळाभर तपासायचं होतं. रोज सकाळी रक्तदाब, बोटाला चिमटा लावून प्राणवायू, वजन, आणि दम, झोप, सूज असे तीन प्रश्न. सगळं एका टॅबलेटवर भरायचं. दर मंगळवारी दहा वाजता इंगून पडद्यावर येणार. हिवाळा नीट गेला तर हालदिस घरातच राहणार होती.

"आणि नीट नाही गेला तर?"

"आधीच कशाला रडतेस?" इंगून म्हणाली. "फक्त वजन सांभाळ. अंगात पाणी साठायला लागलं की आधी काटा बोलतो, दम नंतर लागतो."

"काट्याचं तू मला शिकवू नकोस," हालदिस म्हणाली.

रुग्णालयानं आपोआप आकडा पाठवणारा काटा दिला होता. हालदिसनं त्यावर साखरेची किलोकिलोची दोन पाकिटं ठेवली, तर काटा दोन किलो शंभर ग्रॅम दाखवायला लागला. तिनं तो पुन्हा खोक्यात भरून बोटीनं परत पाठवला आणि स्वतःचा जुना काटा न्हाणीघरात मांडला. आकडा मी हातानं भरेन, म्हणाली. संशोधकांनी कुरकुर केली आणि मान्य केलं. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस तसाही किनाऱ्यावर कोणी नव्हता.

हिवाळा मजेत चालला होता. टॅबलेटवर रोज हिरवी खूण उमटायची. नाताळ झाला, जानेवारी सरला, कॉडचा हंगाम सुरू झाला. शेजारचा आर्नुल्फ, ज्याची मासळी तिनं तीस वर्षं तोलली होती, तो दर शनिवारी ताजा कॉड, कलेजी आणि गाबोळी घेऊन यायचा, आणि दोघं मिळून मीठ घालून उकडून खायचे. मिठाला हात लावू नकोस असं रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण हंगामात कॉड अळणी खायचा म्हणजे जगायचं तरी कशाला, हे हालदिसचं मत होतं, आणि आर्नुल्फचंही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी इंगून पडद्यावर आली आणि तिची नजर हालदिसच्या हातावर गेली.

"हालदिस, तुझी लग्नाची अंगठी कुठंय?"

हालदिसनं हात टेबलाखाली नेला. "बशीत काढून ठेवलीय. भांडी घासताना टोचते."

"छप्पन्न वर्षं नाही टोचली ती?"

"आता टोचते."

"बरं. आज काटा किती म्हणाला?"

"एकाहत्तर किलो चारशे. भरलंय मी. हिरवं आलंय."

"ते नाही विचारत. काट्यावर काय दिसलं?"

"काट्यावर होय? पंचाहत्तर दोनशे. पण त्यात लोकर आली ना! न्हाणीघरात पाय गोठतात, उघड्यानं कोण उभं राहणार? स्वेटर, आतली लोकरीची बंडी, विजार, मोज्यांचे दोन जोड, वर सपाता. ते काय माझं वजन आहे?"

इंगूनचा आवाज एकदम हलका झाला. "म्हणजे तू वजावट धरतेस."

"धरणारच! खोटं वजन लिहू की काय?"

"किती धरलीस आज?"

"तीन किलो आठशे. हवा दमट आहे, लोकर पाणी धरते."

"आणि ऑक्टोबरात?"

ऑक्टोबरात ती एक किलो धरत होती.

"ऊठ," इंगून म्हणाली. "चादर गुंडाळ, कपडे काढ, सगळे एका टोपलीत घाल आणि तोल. टोपली वजा कर. मी थांबते."

हालदिस पुटपुटत गेली. आत न्हाणीघरात टोपली काट्यावर ठेवली, वाकून आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. मग साखरेची पाकिटं आणून काटाच तपासला. काटा बरोबर होता. सगळे कपडे मिळून एक किलो नऊशे.

ती न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली. हिशेब काही अवघड नव्हता. ती स्वतः त्र्याहत्तर किलो तीनशे होती. म्हणजे ऑक्टोबरातल्या एकाहत्तर किलोंपेक्षा दोन किलो तीनशेनं जास्त, आणि ते सगळं पाणी. अंगठी का टोचत होती, पावलांवर मोज्यांचे वळ का उमटत होते, रात्री दुसरी उशी का लागत होती, हेही आता कळलं. पण तिला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. एकाहत्तर हा आकडा रोज तिच्या डोक्यात आधीच ठरलेला होता, आणि वजावट ती त्याच्या मापानं कापत होती. असं करणाऱ्या एका घेणाऱ्याला तिनं एके काळी सगळ्यांसमोर धक्क्यावरून हाकलून दिलं होतं. इथं ती रोज सकाळी तेच करत होती, आणि तिला पत्ताही नव्हता. घर सोडायचं नव्हतं ना तिला.

ती चादर गुंडाळूनच पडद्यासमोर आली.

"एक किलो नऊशे," ती म्हणाली. "सांग त्यांना. बोलाव हेलिकॉप्टर. खोली तयारच आहे म्हणावं."

"गप बस जरा," इंगून म्हणाली. "काट्यावरचे मूळ आकडे कुठं लिहिलेस?"

हालदिसनं वर पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोजच्या चौकटीत, पेन्सिलीनं काट्याचा आकडा होता. वजावटीआधीचा आकडा लिहून ठेवायची धक्क्यावरची सवय सुटली नव्हती. इंगूननं एकेक आकडा वाचून घेतला. दहा मिनिटांत डॉक्टरीणबाईही पडद्यावर आल्या. त्यांनी प्राणवायू पुन्हा मोजायला लावला, दम किती लागतो ते विचारलं, पावलाच्या वर बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते दाखवायला सांगितलं. हालदिसनं पाय कॅमेऱ्यासमोर धरला. अशा बाईनं असा पाय टेबलावर ठेवला, यावरून तिची अवस्था ओळखावी.

"चढलंय, पण हळूहळू चढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुप्फुसापर्यंत गेलेलं वाटत नाही. पाणी काढायची गोळी आजपासून दुप्पट. मीठ बंद. रोज दोनदा बोलायचं. परवा आरोग्यसेविका बोटीनं येऊन रक्त नेईल. हेलिकॉप्टर कशाला हवंय?"

"नको?" हालदिसनं विचारलं.

"नको."

हालदिसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नवरा गेला तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती. डॉक्टरीणबाई शहाण्या, त्यांनी कागद चाळायचं निमित्त काढलं.

मग गोळीच्या प्रतापानं पाच दिवस हालदिस न्हाणीघरात आणि न्हाणीघराबाहेर अशी धावतच होती. आर्नुल्फ शनिवारी कॉड घेऊन आला, तर तिनं अळणी शिजवला.

"हे काय, साबण खातोय का मी?" आर्नुल्फ म्हणाला. "आणि वजन किती झालं म्हणे तुझं?"

"बाईमाणसाला वजन विचारतोस?"

"तीस वर्षं तू माझ्या मासळीचं अख्ख्या धक्क्याला ओरडून सांगितलंस!"

ती हसली. खूप दिवसांनी हसताना धाप लागली नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

सोमवारी दोन किलो उतरले होते. मंगळवारी दहाला इंगून आली. हालदिस सरळ मुद्द्यावर आली.

"माझ्यामुळे तुमचं संशोधन बिघडलं. मला काढून टाका."

"काढून टाकू? अगं, संशोधकांची बैठक झाली तुझ्यावर. टॅबलेटवरच्या रकान्यात नुसतं 'वजन' लिहिलं होतं त्यांनी. किनाऱ्यावरची माणसं वजावट धरतात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काल मी बाकीच्यांना फोन केले. तुझ्यासारखे आणखी चार निघाले, चारही जुने कोळी. त्यातल्या एकाच्या अंगातलं पाणी तर अगदी वेळेवर पकडलं. आता तो रकाना बदललाय."

"आणि मी?"

"तू उन्हाळ्यापर्यंत घरीच. पत्र येईल. पुढचं उन्हाळ्यात बघू, पण डॉक्टरीणबाईंना काळजी वाटत नाही. फक्त एक गोष्ट ऐक." इंगून पडद्याच्या जवळ आली. "स्वेटर घाल, सपाता घाल, हवं तर अंगावर ओव्हरकोट चढव. पण तू काट्यावर उभी राहा आणि दिसेल तो आकडा लिही. वजावट आमच्यावर सोड."

एकेचाळीस वर्षं ते वाक्य तिनं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याला किती बरं वाटत असेल, हे तिला आज कळलं.

"बरं," ती म्हणाली.

पडदा विझल्यावर तिनं बशीतली अंगठी उचलून बोटात घातली. सांध्यापाशी ती जरा अडली आणि मग आत गेली.