एकशे आठ खडे

आमच्या क्लबच्या सेक्रेटरींनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला 'कसे आहात?' असं विचारलं नाही. मी त्यांना अकरा वर्षं ओळखतो, म्हणून छातीठोक सांगतो. त्यांचं म्हणणं, हे विचारलं की माणूस 'बरंय' म्हणतो आणि विषय संपतो. मग तोंडाची वाफ कशाला दवडायची? ते विचारतात, "आज भाजी कोणती होती?" रस्त्यात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, एकदा तर स्मशानातून परत येताना विचारलं होतं. मेथी, शेपू, वांगं, काहीही सांगा, ते मान डोलावून पुढं जातात. पण ज्याला आठवत नाही, जो 'काय होती बरं' म्हणत आभाळाकडं बघतो, त्याची खैर नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात यांच्या चपला वाजल्याच म्हणून समजा. "जेवला, पण काय जेवला ते ध्यानात नाय, तो माणूस ठीक नाय," एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. मला या प्रकाराचा मनस्वी वैताग यायचा. दिवसभर सरकारी फायली उपसून आलेल्या माणसाला स्वतःच्या फाटकात उभं राहून दोडक्याची कबुली द्यावी लागते, म्हणजे छळच की नाही?

गृहस्थ बसस्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर झाले, पण स्टँड काही त्यांच्यातून सुटला नाही. पुंडलिकनगरातल्या गणपतीच्या सभामंडपात आमच्या क्लबची मीटिंग 'लागायची' आणि तासाभरानं 'सुटायची'. पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याला ते दारातच सांगायचे, "तुमची गाडी गेली, आता पुढच्या महिन्यात या." अध्यक्ष दरवर्षी बदलायचा, हार घालून घ्यायचा, फोटो काढायचा आणि दिसेनासा व्हायचा. सेक्रेटरी तेच. वृक्षारोपणही दरवर्षी त्याच खड्ड्यात. मी एकदा म्हटलं, अहो, हे बरं दिसतं का? तर म्हणाले, "खड्डा तयार हाय. झाड नवं हाय. अडचण काय हाय?" अशा माणसाशी वाद घालायला अंगात त्राण लागतं, आणि माझ्यात ते कधीच नव्हतं.

मग एका वर्षी क्लबच्या मुख्य कचेरीतून परिपत्रक आलं, की यंदा सर्व पिढ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी उपक्रम राबवावा. सेक्रेटरींनी आजवर डोळे, दात, रक्त आणि गुडघे यांची शिबिरं घेतलेली. मनाचंही शिबिर घेऊन टाकू, म्हणाले. 'मनाची मोफत तपासणी' असा बॅनर लागला. रिक्षाला भोंगा बांधून स्वतः माईकवर बसले आणि अख्ख्या वसाहतीत ओरडत फिरले, "ज्यांना करमत नाय, झोप लागत नाय, ज्यांचं डोकं जाग्यावर नाय, अशा सर्वांनी रविवारी सकाळी दहाला हजर राहावं. येणाऱ्या प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल." मला सांगा, कोण येणार? डोकं जाग्यावर नसल्याचा स्टेजवर सत्कार करून घ्यायला कोणता माणूस बायकोमुलांसकट येतो? तपासणीला बोलावलेल्या मनाच्या डॉक्टरीणबाई बिचाऱ्या दहापासून एकपर्यंत बसून राहिल्या. एक आजोबा आले, ते बीपी बघायला. शेवटी उरलेल्या शालींपैकी एक डॉक्टरीणबाईंनाच दिली. त्या हसत होत्या खऱ्या, पण जाताना सेक्रेटरींना म्हणाल्या, "काका, माणसं बोलतील अशी जागा आधी करा. ज्याला माझी गरज आहे असं वाटेल, त्याला मग हळूच माझ्याकडे पाठवा."

आठवडाभर सेक्रेटरींनी कोणाला भाजीसुद्धा विचारली नाही. मग एका बुधवारी सभामंडपात ज्वारीचं पोतं, वीस ताटं आणि सतरंज्या येऊन पडल्या. क्लब एका वसतिगृहाला धान्य द्यायचा, ते म्हणे आता निवडून द्यायचं. दर बुधवारी, चार ते सहा. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "भाऊसाहेब, लग्नघरी निवडायला बसलेल्या बाया बघितल्या का कधी? सासू, सून, नणंद, सगळं बोलून मोकळ्या व्हतात. का? तर मान खाली असती आन् हात चालू असतो. समोरासमोर बसवलं की माणूस खोटंच बोलतं."

आता माझ्या घराचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माझी आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आबांना मी वैजापूरहून इकडं आणलं होतं. बासष्ट वर्षांचा संसार, आणि आता हा माणूस आमच्या हॉलमध्ये भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसायचा. अर्धी भाकर खायचा. दिवसात एकच वाक्य, "मला वैजापूरला सोड." तिथं कुलूप लावलेलं घर होतं, सोडणार कोणाजवळ? पुढं पुढं तेही म्हणेनासे झाले, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा. आबा हळूहळू आईच्या मागं निघालेत हे डोळ्यांना दिसत होतं. आतल्या खोलीत माझी मुलगी वर्षा. स्पर्धा परीक्षेत दोनदा आपटलेली. दार लावून, पुस्तक उघडं ठेवून दिवसभर छताकडं बघत पडायची. बायको शाळेतून दमून यायची आणि बोलायचं झालं तर गॅसशी बोलायची. आणि मी. मी इतका थकलो होतो की संध्याकाळी घराच्या वळणावर आलं की तिथंच रेंगाळायचो. स्वतःच्या बापाला आणि मुलीला टाळत होतो, हे आज कबूल करतो.

सेक्रेटरींना हे कसं कळलं? भाजीवरून. मला सलग तीन दिवस आठवली नाही.

चौथ्या दिवशी ते आले आणि आबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. निवडायला चला म्हणाले असते तर आबा उठलेच नसते. गडीमाणूस काही निवडायला बसत नाही. यांनी खिशातून मूठभर ज्वारी काढून पुढं केली. "आबा, व्यापाऱ्यानं माल दिलाय खरा, पर मला स्टँडवरच्या माणसाला काय कळतंय? तुमी नुस्तं बघून सांगा." आबांनी बराच वेळ हात पुढं केला नाही. मग दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरला. "वल हाय याच्यात," म्हणाले. महिन्याभरातलं त्यांचं पहिलं नवं वाक्य. सेक्रेटरी म्हणाले, "तरीच. मग बुधवारी येऊन समद्या पोत्याकडं एक नजर टाका." उठताना त्यांनी वर्षाचं दार वाजवून सांगितलं, की आजोबांना एकट्याला रस्ता ओलांडवत नाही, तू आणशील का? आबांना हळूच म्हणाले, की पोरगी घरात कुजायला लागलीय, तिला जरा बाहेर काढा. आणि फाटकात मला म्हणाले, "दोघांना सोडायला तुमीच या." असे आम्ही तिघं निघालो. मी दुसऱ्या दोघांसाठी चाललोय, अशी तिघांचीही पक्की समजूत होती.

काही चमत्कार झाला नाही, तशी अपेक्षा असेल तर सोडून द्या. आबा चार बुधवार नुसते बसून राहिले. पाचव्या बुधवारी त्यांनी शेजारच्या रिटायर्ड हेडमास्तरांच्या हातातलं ताट काढून घेतलं, कारण मास्तरांचं निवडणं त्यांना बघवेना. "असं चिवडू नका मास्तर, ज्वारी रडंल," म्हणाले. वर्षा कोपऱ्यात मान खाली घालून निवडायची. तिच्या शेजारी एक सोयगावकडची म्हातारी बसायची, तिच्याशी काय काय बोलायची कोण जाणे. एक दिवस सेक्रेटरी सहज म्हणाले, "माझं बीपी दाखवायला जायचंय, सोबत चल." दोघं त्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. बीपी कोणाचंच बघितलं नाही. वर्षा पुढं वर्षभर जात राहिली, आणि आता कोणी विचारलं तर सरळ सांगते.

एका बुधवारी मी ताटं घेऊन लवकर पोचलो, तर मंडपात सेक्रेटरी एकटेच. समोर ज्वारीची रास, हातात बिस्किटाचा जुना डबा, आणि डब्यातले खडे मोजून ते त्या स्वच्छ ज्वारीत टाकत होते. चोरी पकडली गेली तरी गृहस्थ मोजणी चुकले नाहीत. एकशे आठ झाल्यावर म्हणाले, "भाऊसाहेब, आजकाल माल मशीनमधून येतो. एक खडा निघत नाय. पहिल्या बुधवारी अर्ध्या तासात सगळे उठून चालले होते." मी चिडलो. म्हटलं, अहो, एखादा राहिला आणि वसतिगृहातल्या पोरांच्या भाकरीत दळून गेला तर? "म्हणून तर मोजतो. एकशे आठ गेले, एकशे आठ आले पायजेत. त्याबिगर गाडी सुटत नाय." मग मला उमगलं, हे दर बुधवारी सहा वाजता सगळ्यांचे खडे एका ताटलीत गोळा करून जपमाळ ओढल्यासारखे का मोजत बसतात ते. मी कोणाला बोललो नाही. माझेच दोघं तिथं बसत होते, कोणत्या तोंडानं बोलणार?

पुढच्याच महिन्यात एकशे सात निघाले. सेक्रेटरींनी परत मोजले. एकशे सात. "एक खडा राहिलाय, गाडी सुटणार नाय," त्यांनी जाहीर केलं. वीस माणसांनी पोतं परत ओतलं, परत निवडलं. साडेसहा झाले, सात झाले. मास्तर वैतागले, एकीची घरी डाळ शिजायची होती, मीही आतून धुमसत होतो. शेवटी वर्षा हळूच म्हणाली, "आबा, मूठ उघडा ना."

आबांनी मूठ उघडली. आत खडा होता, ज्वारीएवढाच, पांढरा. ते कोणाकडं न बघता बोलायला लागले. "तिला बारीक दिसत नव्हतं. डोळे अधू होते, लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. भाकर कचकचली की मी ताट भिरकावून द्यायचो. भरल्या घरात, पोरांसमोर. ती उचलायची आन् दुसरी भाकर थापायची. एका शब्दानं बोलली नाय कधी. आता सुनबाईची भाकर लई मऊ असती. एक बी खडा लागत नाय. घास गिळत नाय मला." मग सेक्रेटरींना म्हणाले, "एवढा राहू द्या माझ्याकडं."

सगळ्यांचे हात थांबले होते. आपलेच आजोबा, पण वर्षानं त्यांचं डोकं लेकराचं घ्यावं तसं खांद्यावर घेतलं. आणि मी, आई गेल्यापासून तेरावा, दाखले, वारसाची नोंद असली कामं उरकत आलेला मी, त्या सतरंजीवर बसून ढसाढसा रडलो. ती ताटं मी पाहिली होती. मी त्या पोरांतलाच एक होतो. सेक्रेटरींनी तेवढा वेळ जाऊ दिला आणि घड्याळ बघून म्हणाले, "एकशे सात बरोबर हायेत. सुटली गाडी." त्या रात्री आबा पूर्ण भाकर जेवले. त्यानंतर सहा वर्षं जगले, आणि ऐकणारा मिळाला की आईविषयी बोलत राहिले.

गेल्या साली सेक्रेटरींचे गुडघे बसले आणि मुलीनं त्यांना नाशिकला नेलं. जाताना डबा माझ्या हाती दिला. तेव्हापासून दर बुधवारी खडे मी टाकतो, एकशे सात. वर्षाला सोयगावला तहसील कचेरीत नोकरी लागली. आबा मागच्या थंडीत गेले. दहाव्यानंतर सेक्रेटरींचा फोन आला. वाईट झालं, सांभाळा, असलं काही बोलले नाहीत. म्हणाले, "भाऊसाहेब, आज भाजी कोणती होती?"

मी आठवायला लागलो. काही केल्या आठवेना.

"मग या बुधवारी तुमी खडे टाकू नका," ते म्हणाले. "ते दुसऱ्या कोणाला तरी सांगा. तुमी निवडायला बसा."

त्या बुधवारी वर्षा रजा टाकून आली आणि खडे तिनं टाकले. मी मास्तरांच्या शेजारी ताट घेऊन बसलो. सहा वाजता मोजले तर एकशे सात बरोबर निघाले. एकशे आठवा आबांच्या बंडीत सापडला होता. तो मी डब्यात टाकलेला नाही.