नाकबायने न काढलेलं चित्र

कुणीही दिसलं की ती आधी त्याच्या नाकाकडे बघायची आणि मनातल्या मनात त्याचं व्यंगचित्र काढून मोकळी व्हायची. डिचोलीच्या शाळेत आम्ही दोघी चित्रकला शिकवायचो. मुलांनी तिला 'नाकबाय' नाव पाडलं होतं, ते तिला आवडायचं. मला मुलांनी कधी कसलंच नाव पाडलं नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या विलायती मासिकांचा एक जाडजूड खंड तिला म्हापशाच्या बाजारात मिळाला होता. त्यात बड्या लोकांची टिंगल करणारी चित्रं होती. घेरदार झग्यामुळे दारात अडकलेल्या मडमा, मान ताठ ठेवून चिखलात पाय घालणारे उमराव. मधल्या सुट्टीत ती पानं उलटत एकटीच खुदखुदायची. "बघ गो, कपडे तेवढे बदल. आमच्या खाणवाल्यांचीच लग्नं ही!"

मी नदी, माड, होड्या रंगवायचे. लोक "छान" म्हणून पुढे जायचे आणि तिच्या चित्रापाशी थांबायचे. माझा नवराही थांबायचा. वर घरी येऊन ते चित्र मलाच रंगवून सांगायचा.

एकदा शाळेच्या वार्षिकांकात तिने खाणमालकाच्या घरचं लग्न काढलं. फुगलेल्या घागऱ्यामुळे मांडवाच्या दारात अडकलेली शेठाणी, तिला मागून ढकलणारे पाहुणे, आणि सगळ्यांची नजर जेवणावर. आठवड्याभरात ती शेठाणी शाळेत हजर! हेडमास्तरांना घाम फुटला. आज हिची जिरणार, म्हणून मी मुद्दाम दाराशी उभी राहिले.

"नाक माझंच," शेठाणी अंक उघडून म्हणाली, "पण बाय, मी याहून जाड आहे." आणि हसत सुटली. मूळ चित्र तिने मागून नेलं. भिंतीवर माझी नदी होती, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही.

नाकबायने अख्खी डिचोली काढली, मला मात्र कधी नाही. निवृत्तीनंतर ती नदीकाठच्या चोपडे गावी भावाकडे निघाली, तेव्हा बसस्टँडवर मी विचारलंच, "माझ्यात काढण्यासारखं काहीच नव्हतं?"

"होतं गो. पण तू हसली नसतीस. आणि मला रोज तुझ्याच शेजारी बसून डबा खायचा होता."

गेल्या वर्षी ती गेली. आजारपणात काढलेली चित्रं भावाने माझ्यापुढे ठेवली. शेजारीण, डॉक्टर, सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर. आजारात मीही तिला भेटून आले होते, म्हणून सगळे कागद पुन्हा एकदा चाळले. मी कुठेच नव्हते.

त्या पोदेराचा मला फार हेवा वाटला.