पट्ट्यावरचे बाराशे दगड

चष्मेवाले काका स्वतःसाठी कधी चिडत नसत. रांगेत कुणी पुढे घुसलं तर ते म्हणत, "जाऊ दे, त्याला घाई असेल." पण त्यांच्यासमोर कुणी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला, की संपलंच. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. "भिंग आहे ते! जेवणाचं ताट आहे का, असं पुसायला?" माणूस दचकून चष्मा पुन्हा नाकावर ठेवायचा आणि जन्मात तो गुन्हा करायचा नाही.

वसंतात या लाल पाळ्यांना विश्रांती नसे. मार्च लागला की दुकानावर पाटी लटकायची: 'भरती ओसरल्यावर उघडेल.' गावातल्या निम्म्या लोकांना भरतीच्या वेळा पाठ होत्या, त्या समुद्रापायी नव्हे, चष्म्यापायी. भरतीच्या वेळी काका खाडीच्या तोंडाशी दगडी कठड्यामागे दुर्बीण लावून उकिडवे बसलेले असायचे.

तिथे शाळेच्या मैदानाएवढा एक वाळूचा पट्टा होता. ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखल्या, तुतवार आणि त्यांचे चुलत-मावस भाऊ असे छोटे पाणपक्षी मैलभर पसरून किडे खात. भरतीला चिखल बुडाला की कोरडा राहायचा तो एवढा पट्टाच. मग सगळी मंडळी तिथे येऊन एका पायावर उभी राहायची, चोच पाठीत खुपसून. उत्तरेला हजारो मैल जायचं, तिथे अंडी घालायची, वाटेत खानावळ नाही. अंगावर चढवलेली चरबी हीच शिदोरी. त्यांना उगीच एकदा उडवलं तरी ती शिदोरी थोडी सांडते. म्हणून पट्ट्याजवळ कुणी शिट्टी जरी वाजवली तरी काका कठड्यामागून असे उठत, की शिट्टीवाला तिथून घरापर्यंत पळत जाई.

तर अशा माणसाच्या दुकानासमोरच्या खांबावर नगरपालिकेने एक कागद चिकटवला. खाडीच्या तोंडाशी वाहनतळ होणार. 'गतवर्षी नऊ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष पाहणी केली असता पक्षी आढळून आले नाहीत. पट्ट्यावर अंदाजे हजार ते बाराशे लहान दगड विखुरलेले असून सपाटीकरण आवश्यक. हरकत असल्यास दहा दिवसांत पुराव्यासह कळवावे, त्यावर जाहीर सुनावणी होईल.' खाली पाहणी करणाऱ्या साहेबांची सही होती.

काकांनी कागद एकदा चष्मा लावून वाचला, एकदा काढून वाचला.

"दगड?" ते घरात शिरत ओरडले. "अगं, त्या पट्ट्यावर दात कोरायला खडा मिळत नाही! हजार दगड आले कुठून? आकाशातून पडले?"

"पडले असतील," काकू शांतपणे म्हणाल्या. "पाळ्या बघा आरशात. आणि पुरावा मागितलाय ना? मग द्या. एकोणीस वर्षं मोजताय, काहीतरी लिहून ठेवलं असेलच."

इथेच खरी गोची होती. त्यांनी लिहिलं होतं. एक दिवस चुकवला नव्हता. पण लिहिलं होतं ते गिऱ्हाइकांच्या कार्डांच्या मागे. खाडीवरून यायचं, दुकान उघडायचं, त्या वेळी ज्याचं कार्ड हातात असेल ते उलटं करून त्यावर आकडे टाकायचे आणि कार्ड त्याच्या जागी परत ठेवायचं. पुढच्या बाजूला माणसाचे डोळे, मागच्या बाजूला पक्षी. आणि कार्डं लावलेली तारखेने नव्हे, आडनावाने. सहा हजार कार्डं, अकरा खण.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "नऊ एप्रिलचे पक्षी कुणाच्या डोळ्यांमागे आहेत ते तुम्हाला माहीत नाही."

"सापडतील."

"वही घ्यावी असं एकोणीस वर्षांत सुचलं नाही?"

"वही हरवते! कार्ड कधी हरवत नाही, कारण गिऱ्हाईक परत येतं."

यावर काकूंनी कपाळाला हात लावला, पदर खोचला आणि पहिला खण जमिनीवर उपडा केला. दुकानाचं दार लोटून दोघं चार दिवस कार्डं उलटत बसली. पोस्टातल्या बाईंच्या मोतीबिंदूमागे सातशे तुतवार निघाले. बेकरीवाल्याच्या तिरळेपणामागे एक दुर्मीळ पाहुणा निघाला, त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं. काकू एकेक कार्ड उचलून खुसखुसत, "अगंबाई, हिला एवढा नंबर?" आणि काका ते हातातून ओढून घेत. "पुढची बाजू वाचायची नाही!"

हा त्यांचा धर्मच होता. कुणाचा नंबर कुणाला सांगायचा नाही. एकदा एक सासरेबुवा होणाऱ्या सुनेचा नंबर विचारायला आले होते. काकांनी त्यांना खुर्चीत बसवून त्यांचेच डोळे तपासले आणि वर सुनावलं, "मुलगी बरोबर बघतेय. तुम्हालाच नीट दिसत नाही." ते लग्न झालं. सासरे अजून दुसऱ्या दुकानात जातात.

मधे काकांचे साडूभाऊ डोकावून गेले. खाडीकडच्या रस्त्यावर त्यांचा लॉज होता आणि वाहनतळाची बातमी आल्यापासून त्यांची चाल बदलली होती.

"काय चष्मेवाले, पत्ते खेळताय का दोघं?" ते कार्डांच्या ढिगाकडे बघून म्हणाले. "अहो, पक्ष्यांना पंख आहेत. इथे नाही तर तिथे बसतील. गाड्यांना आहेत का पंख?"

"तुमच्या लॉजमधले पलंग काढून रस्त्यावर टाकतो," काका म्हणाले. "पाहुण्यांना पाय आहेत. इथे नाही तर तिथे झोपतील."

"बघा, बघा, पाळ्या लाल!" साडूभाऊ हसत निघून गेले. काका मात्र पुढचा तासभर धुमसत कार्डं आपटत राहिले.

गतवर्षीची नऊ एप्रिल सापडली ती पाचव्या दिवशी दुपारी. काकूंनीच कार्ड उलटलं. 'भरती पावणेअकरा. चिखल्या चारशे दहा, तुतवार सातशे तीस. एकूण अकराशे चाळीस. अकराला रस्त्यावर जीप थांबली, काच खाली झाली, काच वर झाली, जीप गेली. पक्षी उडाले नाहीत, नशीब.'

"मिळाले!" काका टुणकन उठले. "कुणाचं कार्ड?"

काकूंनी कार्ड सुलट केलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. कार्ड पाहणी करणाऱ्या साहेबांचंच होतं. दोन्ही डोळे उणे साडेसहा. त्याखाली काकांच्या अक्षरात: 'आठ एप्रिल, संध्याकाळी. डावी काडी मोडली. चष्मा ठेवून गेले. दुसरा चष्मा नाही. नऊला संध्याकाळी सातला नेला.'

काकांनी कार्ड हातात घेतलं. त्यांना सगळं लख्ख आठवलं. खाडीवरून येऊन ते त्याच चष्म्याची काडी बसवत होते, कार्ड समोर होतं, म्हणून आकडे त्याच्याच मागे गेले. म्हणजे नऊ एप्रिलला सकाळी अकरा वाजता साहेब जीपमध्ये होते आणि साहेबांचा चष्मा काकांच्या टेबलावर. उणे साडेसहावाल्याला चष्म्याविना स्वतःचे बूट दिसत नाहीत. त्याने काच खाली केली, वाळूवरचे करडे ठिपके पाहिले आणि लिहिलं, 'दगड.'

"माझे पक्षी," काका म्हणाले, "त्याने दगड म्हणून मोजले! तेही अंदाजे!"

"आता भर सभेत पुढची बाजू वाचा," काकू म्हणाल्या. "तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्याला."

काकांनी कार्ड पुन्हा उलटं केलं, पक्षी वर. "नाही वाचता येणार गं," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना इतका राग आला, की त्यांनी स्वतःचाच चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. पंखा कुरकुरत होता, पन्नासेक माणसं होती, पहिल्या रांगेत साडूभाऊ. साहेबांनी अहवाल वाचला आणि मान वर करून म्हणाले, "मी स्वतः, या डोळ्यांनी पाहणी केली आहे."

काका ताडकन उठले. पाळ्या इतक्या लाल की मागच्या रांगेलाही दिसाव्यात. ते तरातरा साहेबांच्या टेबलापर्यंत गेले, वाकले आणि कार्ड त्यांच्यापुढे धरलं. आवाज मात्र अगदी हळू ठेवला.

"साहेब, हे नऊ एप्रिलचं. पुढची बाजू वाचू की मागची?"

साहेबांनी कार्ड नाकाशी नेलं. पुढची बाजू वाचली. त्यांचा हात आपसूक चष्म्याच्या डाव्या काडीकडे गेला.

"मागची," ते म्हणाले. "मागची वाचा."

काकांनी वाचली. चिखल्या चारशे दहा, तुतवार सातशे तीस, एकूण अकराशे चाळीस, जीप, काच खाली, काच वर. सभेत कुजबुज सुरू झाली.

"म्हणजे ते बाराशे दगड..." पोस्टातल्या बाई मोठ्याने म्हणाल्या आणि खोली हशाने फुटली.

साडूभाऊ उभे राहिले. "पण एवढ्या मोठ्या साहेबांना पक्ष्यांचे दगड कसे दिसले? सांगा की, चष्मेवाले!"

सगळी खोली काकांकडे बघू लागली. साहेब टेबलाकडे. उत्तर काकांच्या जिभेच्या टोकावर होतं, गरमागरम, एकोणीस वर्षांचं. ते त्यांनी गिळलं. घशातून उतरताना दिसलं म्हणतात लोक.

"पक्ष्यांचा रंगच तसा असतो," ते म्हणाले. "लांबून कुणालाही दगड वाटतात. जवळ जावं लागतं, आणि भरतीला जावं लागतं. साहेब उद्या येतील."

साहेब दुसऱ्या दिवशी आले. जीप लांब सोडून, चालत. कठड्यामागे काकांशेजारी उकिडवे बसले. भरती चढत होती आणि पट्ट्यावर हजारभर पक्षी एका पायावर झोपले होते, काहींच्या छातीवर विटकरी रंग चढू लागलेला. साहेब पंधरा मिनिटं काकांच्या दुर्बिणीला चिकटून होते. मग पाणी वाळूच्या कडेला लागलं आणि सगळे पक्षी एकदम उठले, वळले, वळताना पांढरे झाले, आणि हातभर मागे सरकून पुन्हा बसले.

"काका," साहेब पुटपुटले, "मी यांना सपाट करायला निघालो होतो."

"हो," काका म्हणाले. समजूत घालायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

साहेबांनी खिशातून कागद काढला, जुन्या अहवालातली दगडांची ओळ खोडली आणि लिहायला लागले. 'पक्षी अंदाजे...'

"अंदाजे?" काका इतक्या जोरात कुजबुजले की कडेचे दोन तुतवार जागे झाले. "मोजा! आणि दुकानात येऊन दुसरा चष्मा करून घ्या. तेरा वर्षं सांगतोय!"

साहेब निमूटपणे पहिल्यापासून मोजू लागले.