वाचणारीची मूठ

तेरखेड्याच्या त्या कारखान्यात मोबाईल फाटकावरच्या टोपलीत टाकल्याशिवाय कुणाला आत जाता येत नसे. फटाक्यांचं काम; ठिणगी पडेल असं काहीही आत नको, हा मालकाचा नियम. दारूकामाच्या खोल्या तशा लांब, माळाच्या पार टोकाला होत्या. अलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये नुसत्या कागदाच्या नळ्या वळल्या जात, पण नियम तिथंही तोच. त्यामुळं शेडमध्ये गाणी नव्हती, मालिका नव्हत्या. सळईवर कागद गुंडाळल्याची सरसर आणि बायांची तोंडं, एवढाच आवाज. दुपार कलली की तोंडंही दमायची.

शिवकन्या या शेडमध्ये आली तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळ्यात कमी नळ्या तिच्या झाल्या. तिचा हात मंद नव्हता. कागद वाचण्यासारखा होता, एवढीच अडचण होती.

बार्शीहून रद्दीचे गठ्ठे यायचे. वर्तमानपत्रं, जुनी मासिकं, कुणाची शाळेची पुस्तकं. बाकीच्या बाया कागद उचलून खळीत बोट बुडवायच्या, कडेला खळ लावायच्या आणि सळईवर गुंडाळून मोकळ्या व्हायच्या. शिवकन्या कागद उचलायची आणि आधी वाचायची. निवडणुकीतल्या सभा, हरवलेल्या म्हशी, भोपळ्याच्या घारग्यांची कृती. ही खोड माहेरची. तिचं माहेर अणदूरचं. वडील नळदुर्गच्या ढाब्यावर कामाला होते आणि रात्री येताना भजी आणायचे. भजी भावांची आणि पुडक्याचा तेलकट कागद शिवकन्येचा, अशी घरातली वाटणी होती. बारावी झाली, लग्न झालं, नवरा कुलदीप मालाचा टेम्पो चालवायला लागला, पण खोड काही गेली नाही.

"तुला वळायला ठिवलंय का वाचायला?" शेजारी बसणाऱ्या कस्तुराबाईंनी विचारलं. शेडमधली ही सगळ्यात जुनी बाई. हात यंत्रासारखा, जीभ त्याहून वेगवान. अक्षर मात्र एक येत नव्हतं.

"वळतेच की, मावशी."

"वळतीस! माझ्या शंभर झाल्या, तुझी म्हस अजून सापडंना."

सगळी शेड हसली. शिवकन्याही हसली आणि हातातल्या मासिकाच्या पानाकडं बघून परत एकटीच हसली. मग मात्र कस्तुराबाईंना राहवलं नाही. "आता काय झालं? आमाला बी सांग की."

शिवकन्येनं ते पान मोठ्यांदा वाचलं. वरातीतून पळालेल्या घोड्याची गोष्ट होती ती. पान संपलं तेव्हा घोडा मुलीच्या मामाला घेऊन शेजारच्या गावात शिरला होता आणि पुढचं पान गठ्ठ्यात नव्हतं. बायांनी गठ्ठे उलटेपालटे केले. पान मिळालं नाही, पण त्या दुपारी कुणाला जांभई आली नाही.

दुसऱ्या दिवशी डबे सुटायच्या आतच फर्माईश आली, वाच गं काहीतरी.

"वाचते, पण माझ्या नळ्यांचं काय? मला हजेरी न्हाय, नगावर पैसे हायत."

यावर तोडगा कस्तुराबाईंनी काढला. खळ्यावर जशी बलुत्याची पेंढी काढून ठेवायचे, तशी दर बाईनं संध्याकाळी आपल्या राशीतून एक मूठ नळ्या वाचणारीच्या टोपलीत टाकायची. मूठ म्हणजे मूठ, मोजायची नाही. ज्या दिवशी वाचन नाही त्या दिवशी मूठ नाही.

मुकादम गोरोबानं आधी कपाळाला हात लावला. "हितं काय सप्ता बसवलाय का?" पण आठवडाभरात त्याच्या ध्यानात आलं, की बाया वेळेआधी येतात, पाणी प्यायला म्हणून उठून तासभर बाहेर बसत नाहीत आणि माल वाढलाय. तो गप्प झाला. पुढं पुढं तर दाराशी उभा राहून नळ्या तपासायला त्याला फार वेळ लागू लागला.

वीस-बावीस बायांच्या मुठी. शिवकन्येची टोपली शेडमधल्या चलाख हातांच्या बरोबरीनं भरू लागली. लग्नानंतर पहिल्यांदा घरखर्च भागून तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं काही उरलं. कुलदीपनं विचारलं, "काय घेणार? जोडवी का साडी?" ती म्हणाली, "बी.ए." मुक्त विद्यापीठाची फी जूनमध्ये भरायची होती. कुलदीपनं डोकं खाजवलं. "लोक शिकून कमावत्यात. तू कमवून शिक. आपल्यात उलटंच."

एप्रिलमध्ये एका गठ्ठ्यातून एक कादंबरी निघाली. मुखपृष्ठ फाटलेलं, सुरुवातीची काही पानं नाहीत, म्हणून नावही कळेना. पण गोष्ट होती सुमनची. नवरा एका सकाळी न सांगता निघून गेलेला, मागं पिठाची गिरणी आणि आजारी सासू. सुमन गिरणी चालवते, सासूला शेवटपर्यंत सांभाळते, गावाची बोलणी खाते आणि पिठानं पांढरे झालेले हात धुऊन झोपी जाते.

शेडचा नियम असा, की वाचून झालेलं पान वळायला जायचं. शिवकन्या वाचलेलं पान डावीकडं धरायची आणि कस्तुराबाई ते घेऊन नळी करायच्या. सुमनचं आयुष्य असं एकेक पान नळ्यांमध्ये जात होतं. जिला दुपारी उठून जावं लागलं, तिनं दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून ऐकून घ्यायचं, कारण ते पान आता परत येणार नव्हतं.

शेवटाकडं नवरा परत आला. तिन्हीसांजेला दार वाजलं. आणि शेडमध्ये दोन तट पडले.

"उघडू नये तिनं," कस्तुराबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं कुठं होतं ते बेनं?"

"काय झालं तरी नवरा हाय, मावशी," दुसरी एक म्हणाली.

"तुज्याकडंच धाडू का त्याला?"

निकिता नावाची नुकतीच लग्न होऊन आलेली एक वळणारी होती. तिला वाचता यायचं आणि धीर अजिबात नव्हता. डब्याच्या सुट्टीत ती पुढची पानं चाळायची आणि सगळ्यांना फोडून सांगायची. दारापाशी गोष्ट थांबली त्या संध्याकाळी बायांनी शिवकन्येला बजावलं, "शेवट हिच्या हाती लागू दिऊ नको." म्हणून शिवकन्येनं उरलेली चार पानं सकाळी वळायला लागणाऱ्या कागदांच्या थप्पीत, पार खाली सरकवली. निकिता कादंबरी शोधेल. थप्पी कशाला उचकटेल?

नेमकी दुसऱ्या दिवशी दवाखान्यामुळं शिवकन्या उशिरा आली. ती पोचली तोवर सकाळची थप्पी वाटून, वळून, नळ्या अंगणात उन्हाला पडल्या होत्या आणि जागेवर नवी थप्पी लागली होती. तिला हे माहीत नव्हतं. दुपारी तिनं आदल्या दिवशीचं अर्धं पान पुन्हा वाचलं, सुमनचा हात कडीवर गेला इथवर आली आणि थप्पीखाली हात घातला. हाताला फरशी लागली.

सगळ्या बाया तिच्याकडं बघत होत्या. सळया थांबल्या होत्या. जूनची फी, विसावर मुठी आणि कडीवरचा तो हात, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं हातातल्या वाचलेल्याच पानावर नजर रोवली आणि वाचत असल्यासारखं बोलायला सुरुवात केली. सुमननं कडी काढली. तो पायरीवरच बसून रडू लागला. तिनं पाण्याचा तांब्या आणला. शब्द चांगले येत होते. एकीनं डोळ्यांना पदरही लावला.

कस्तुराबाईंचा डावा हात मात्र पुढं झाला होता आणि तसाच राहिला होता.

"पान दी," त्या म्हणाल्या.

"अं?"

"किती वेळ झाला, माझ्या हातात पान आलं न्हाय. इतकं मोठं पान असतंय व्हय?"

शिवकन्येनं खरं ते सांगून टाकलं, थप्पी आणि चार पानं. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग गलका उठला. मघाशी पदर लावलेली बाई सगळ्यात जास्त चिडली. "म्हंजी म्या फुकटच रडले?"

"ती उघडणारच न्हवती," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला वाटलंच. सुमन असली न्हाय. तू लावलंस तिला उघडायला." मग त्या हळू बोलल्या आणि ते जास्त लागलं. "आमाला वाचता येत न्हाय, पोरी. कागदावर हाय तेच तू सांगतीस, ह्या भरवशावर मूठ टाकतो आमी."

त्या संध्याकाळी शिवकन्येच्या टोपलीत एकही मूठ पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं नळ्या वळत बसली. दुपारनंतर अंगणातली आठवडाभराची रास दारूकामाकडं जाणार, असं गोरोबा सांगून गेला. डब्याच्या सुट्टीत तिनं भाकरी बाजूला ठेवली आणि अंगणात जाऊन राशीजवळ बसली. वर्तमानपत्राचा कागद राखाडी, कादंबरीचा पिवळट. नळी सूर्याकडं धरून एक डोळा मिटला, की आतल्या थराचा रंग दिसायचा, कडेची दोन अक्षरंही दिसायची. एक नळी, दुसरी नळी. पिवळट दिसली की पाण्याच्या बादलीत.

"दुर्बिणीतनं सोलापूर दिसतंय का?" मागून कस्तुराबाईंनी विचारलं.

"शेवट बघतीय, मावशी."

कस्तुराबाई फतकल मारून बसल्या आणि त्यांनी एक नळी डोळ्याला लावली. "पिवळं म्हंजी जुन्या हळदीवानी का लिंबावानी?" हळूहळू निकिता आली, तिच्या मागं बाकीच्या आल्या. भर उन्हात वीस बाया एकेक डोळा मिटून आभाळाकडं बघत बसल्या. बादलीत भिजलेल्या नळ्या निकिता अलगद उलगडायची.

"ही न्हाय. ही सासू मरती ती."

"ठिव बाजूला. ती परत ऐकू."

"ही पण न्हाय. ह्यात गिरणीचा पट्टा तुटतोय."

गोरोबा धावत आला. "अगं माल नासवताय व्हय! मालकाला काय सांगू?"

"आमच्या हिशोबातनं काप," कस्तुराबाई डोळा न काढता म्हणाल्या. "आन् उन्हाच्या आड उभा ऱ्हाऊ नको, दिसंना झालंय."

चारांपैकी तीन पानं मिळाली. पत्र्यावर टाकली तर पाच मिनिटांत कडकडीत वाळली. एकाचा कोपरा गेला होता. शिवकन्येनं तिथंच, लिंबाच्या सावलीला वाचायला घेतलं. सुमननं कडीवरचा हात काढला. खिडकी उघडली. कोण पाहिजे, म्हणून विचारलं. त्यानं नाव सांगितलं. सुमन म्हणाली, दळण असेल तर सकाळी या, आता गिरणी बंद आहे.

कस्तुराबाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ!"

प्रत्येक पान वाचून झालं, की शिवकन्या ते त्यांच्या हातात देत होती. तिसऱ्या पानावर सकाळ झाली. गिरणीसमोर रांग लागली. रांगेत सगळ्यांच्या मागं तो उभा होता, हातात जोंधळ्याची पिशवी. त्याची पाळी आली. सुमननं पिशवीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं.

शिवकन्येनं तेही पान कस्तुराबाईंच्या हातात दिलं. "फुडचं पान मिळालं न्हाय. कागदावर हाय ते एवढंच."

शेडच्या दाराशी उभा असलेला गोरोबा न राहवून म्हणाला, "मग दळून दिलं का न्हाय तिनं?"

"मला म्हाईत न्हाय, मुकादम."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. रास उचलायची वेळ झाली होती, पण गोरोबाही हलला नाही. शेवटी कस्तुराबाईंनी तिन्ही पानं मांडीवर सारखी केली. "तुला काय वाटतंय, ते सांग की."

"मावशी, कालच तुम्ही..."

"काल तू फसवून सांगितलंस. आज सांगून सांग."

शिवकन्येनं पदरानं तोंड पुसलं. "बघा हं, हे पुस्तकातलं न्हाय. हे माझं हाय."

"कळलं. वाचलेल्याची एक मूठ. बनवलेल्याची अर्धी."

"आन् चांगलं बनवलं तर?" निकितानं विचारलं.

"आधी ऐकू दी," कस्तुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी कमरेला खोचलेली सळई हातात घेतली. "हं. रांगेत उभा हाय तो. मग?"