परत न येणारं सामान

दोन दिवसांसाठी निघायचं असलं तरी तिचं सामान महिनाभराचं असायचं. सुई-दोरा, मेणबत्ती, पोटदुखीच्या गोळ्या, जास्तीची एक चप्पल-जोडी, कुणाला थंडी वाजलीच तर म्हणून एक शाल, आणि ती पुरली नाही तर आणखी एक. थोरल्या भावाने तिचं नाव गाठोडेबाई ठेवलं होतं. "ही कोपऱ्यावर भाजी आणायला निघाली तरी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ती चिडायची नाही. वाटेत कुणाचं बटण तुटलं, कुणाचं डोकं उठलं, की हेच हसणारे लोक तिच्यासमोर हात पसरायचे. एकदा सगळे समुद्रावर गेले असताना खुद्द भावाच्याच चष्म्याचा स्क्रू वाळूत पडला. तिने पर्समधून चिमुकली डबी काढली, बसल्या जागी नवा स्क्रू लावून दिला आणि एवढंच म्हणाली, "आता ठेवा नावं."

स्क्रूंची डबी तिच्या कामातली. एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या अरुंद खोलीत ती मशीनवर काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. पुढे गिऱ्हाइकं आरशात तोंड बघत असायची आणि मागे ही, डोळ्याला भिंग लावून. कुणाचं काही अडू नये, हा तिचा स्वभावच होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, कधी कुठून बोलावणं येईल नेम नसायचा. त्याचा डबा, त्याचा जास्तीचा शर्ट, सहा वर्षांच्या बबडीचं दप्तर, सगळं तिच्या हातून जायचं. ती बरोबर असली की बाकीचे मोकळ्या हाताने हिंडायचे.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. "गाठोडेबाईला गाठच मिळाली की," ती भावाला फोनवर म्हणाली. त्याला हसू आलं नाही, मग तिलाही आलं नाही. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण तपासात जे निघायला नको होतं तेही निघालं. डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही.

"एक औषध द्यायचंय. त्यातून किरणं निघतात. उरलंसुरलं जे आहे ते त्याने जळून जाईल. पण औषध अंगात असेपर्यंत तुमच्या अंगातूनही किरणं बाहेर पडणार. चार-पाच दिवस बंद खोलीत एकटीने राहायचं. भेटायला कुणी नाही."

"बरोबर काय काय आणू?" तिने विचारलं. सवयीचाच प्रश्न.

"जितकं कमी तितकं बरं. तुमचा घाम, थुंकी कशाकशाला लागेल सांगता येत नाही. आत आलेली वस्तू पुन्हा घरी नेता येईलच असं नाही. म्हणून जे परत मिळालं नाही तरी जिवाला लागणार नाही, तेवढंच आणा."

घरी येऊन तिने कपाट उघडलं आणि समोर पलंगावर बसून राहिली. आजवर प्रत्येक वेळी 'काय लागेल?' एवढंच बघायचं असायचं. आता प्रश्न उलटा होता, आणि तो तिला सुटेना. आईची मऊ पडलेली शाल हातात घेतली आणि ठेवून दिली. निळा गाऊन काढला, तोही ठेवला. नको असलेलं शोधायला बसली आणि घरातली एकेक वस्तू हवीशी वाटू लागली. फाटका टॉवेलसुद्धा. त्या टॉवेलात गुंडाळून तिने बबडीला पहिल्यांदा अंघोळीहून बाहेर आणलं होतं.

शेवटी बाहीला भोक पडलेले दोन गाऊन, झिजलेल्या सपाता आणि रद्दीत टाकायची राहिलेली मासिकं एवढं जमा झालं. चष्म्याचा प्रश्न दुकानाच्या मालकांनी सोडवला. पडून असलेल्या एका बेढब फ्रेममध्ये त्यांनी तिच्या नंबरच्या काचा स्वतः बसवून दिल्या. "घुबडासारखी दिसशील, पण आत बघायला आहे कोण?" असं म्हणून ते हसले आणि लगेच पाठ फिरवून काउंटर पुसू लागले.

नवऱ्याने पलंगावरचा तो ढीग बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे घालून जाणार तू?"

"चांगलं नेलं तर मागे राहील."

"राहू दे की! लोक दवाखान्यात जाताना धडके कपडे घेऊन जातात. आणि तू असल्या चिंध्या घेऊन? जसं काही..." पुढचं वाक्य त्याने गिळलं.

"अहो, फेकायचेच आहेत ते."

तो तडक बाहेर गेला आणि नवा गाऊन घेऊन आला. पिवळा, बारीक फुलांचा, दुकानातल्या घड्या तशाच. "फेकायचंय ना? मग हा फेक," असं म्हणून त्याने तो ढिगावर ठेवला. माणूस अडकलेली लिफ्ट तो उघडून द्यायचा, पण इथे कुठला खटका दाबायचा ते त्याला कळत नव्हतं. तिला त्याचा राग आला, आणि रागावताही येईना. तिने तो गाऊन पिशवीत घातला.

बबडी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिने नीट विचार करून विचारलं, "आत गेलेलं परत येत नाही?"

"वस्तू नाही येत, बाळा."

"मग तू कशी येणार?"

आई कशीबशी म्हणाली, "मी वस्तू आहे का गं?" पण बबडीला हे उत्तर काही पटलं नाही. ती आत गेली आणि आपला कापडी ससा घेऊन आली. एक कान शिवलेला, वास येणारा, ज्याच्याशिवाय ती झोपायची नाही, तो ससा. तिने तो पिशवीत सगळ्यांत वर ठेवला.

"याला घेऊन जा. हा हरवला की मी रडते ना, म्हणून हा नेहमी सापडतो. याच्याबरोबर तू पण सापडशील."

"नेते हं," आई म्हणाली. नाही म्हणावं तर पोरीचा जीव तुटणार, नेऊन परत आणता आला नाही तर तिचा ससा जाणार. निघायच्या सकाळी बबडी दात घासत होती तेवढ्यात आईने ससा काढला आणि कपाटाच्या वर, ब्लँकेटांच्या मागे लपवला. दोघी घरात परत भेटतील तेव्हा हळूच काढून द्यायचा, असं तिने ठरवलं. नवऱ्याला सांगायला हवं होतं, पण तो रिक्षा आणायला खाली गेला होता. आणि मग निघायची घाई झाली.

दवाखान्यातली खोली स्वच्छ होती. पलंग, टेबल, खुर्ची, न उघडणारी खिडकी, आणि जाड दार. नर्सने फोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिला. औषध म्हणजे साधी कॅप्सूल होती. आणणाऱ्या माणसाने मात्र ती जड डब्यातून आणली आणि तिने गिळताच तो मागे सरला. तिने त्याला दोष दिला नाही. जेवण दारापाशी ठेवलं जायचं. नर्स लांबून विचारायची, "ताई, पाणी भरपूर पिताय ना?" ती म्हणायची, "पितेय." तोंडाची चव गेली होती, गळा सुजला होता. पर्स नव्हती, डबी नव्हती, कुणाला देण्यासारखं काहीही जवळ नव्हतं. होतं ते फक्त अंगात, आणि ते कुणाला द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरून फोन आला. आधी नवऱ्याचा आवाज, ओढलेला. "पोरीला गार वाटत होतं म्हणून ब्लँकेट काढलं, तर ससा खाली पडला. सकाळपासून जेवली नाही ती. तू बोल जरा."

"बबडी..."

"तू त्याला नेलंच नाहीस." ती रडत नव्हती, हेच जास्त वाईट होतं. "तू एकटीच गेलीस."

"अगं, तो इथे राहिला असता ना. तुला झोप नसती आली, म्हणून..."

"मी तुला दिला होता."

"मी येणार आहे, बाळा. खरंच येणार आहे."

"तू म्हणालीस नेते. खोटं बोललीस."

मग फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. थोड्या वेळाने नवऱ्याचा निरोप आला, 'झोपली. काळजी करू नको.' ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. बाहेरून नर्स म्हणाली, "ताई, मागे व्हा, प्लीज." ती मागे झाली. जन्मभर सगळ्यांच्या अडीअडचणीला धावलेल्या त्या बाईला स्वतःच्या लेकराला जवळ घेऊन समजावताही येत नव्हतं. पिवळ्या गाऊनच्या बाहीने ती डोळे पुसू लागली, आणि मग तिला सुचलं, आता हे पाणीही कुणाला लागता कामा नये.

अंगातली किरणं मोजणाऱ्या यंत्राचा आकडा उतरला तेव्हा तिला सोडलं. गाऊन, सपाता, मासिकं सगळं तिथेच एका पिंपात गेलं. घालायचे कपडे नवऱ्याने धाडले होते. मोकळ्या हातांनी प्रवास करायची तिची ती पहिलीच वेळ, आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. घरीही लगेच सुटका नव्हती. लहान मुलापासून आणखी काही दिवस लांब राहायला सांगितलं होतं. ती मागच्या खोलीत राहिली. बबडी पुढच्या खोलीतून बघायची. नवऱ्याने तिला पढवलं होतं, या उंबऱ्यापाशी थांबायचं, आत जायचं नाही. पोरीने ते इतकं मनावर घेतलं, की चेंडू घरंगळत आत गेला तरी ती मागायची नाही.

मग एकदाचा डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आता हरकत नाही म्हणून. नवरा आनंदाने ओरडतच आला. तिने जमिनीवर बसून दोन्ही हात पसरले.

"ये."

बबडीने बापाकडे बघितलं. "चालतं?"

"चालतं गं, जा!"

तिने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. आईच्या हातांकडे, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. आणि पाय मागे घेतला.

"उद्या येते," ती म्हणाली.

आईने हात लगेच खाली घेतले नाहीत. "बरं," ती म्हणाली. "उद्या ये."