रेनोने पेन्शन लवकर घेतली

कोस्किनेनांच्या घरातले पुरुष सत्तरी बघत नाहीत, हे त्या सरोवरकाठच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. रेनोचे वडील कागद गिरणीतून निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात दारातला बर्फ उपसता उपसता गेले. काकाही तसेच. थोरला भाऊ आर्नी तर पेन्शनचा एक डॉलरही हाती न लागता गेला. त्याला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी पीत बसले होते, तेव्हाच रेनोने बायकोला सांगून टाकलं, "लोर्ना, मला आता बासष्ट पूर्ण होतील. मी पेन्शन लगेच सुरू करणार. सरकारच्या घशात घालायला नाही राबलो मी."

लोर्ना त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती हळूच म्हणाली, "थोडं थांबलास तर दरमहा जास्त मिळेल म्हणतात."

"थांबून कुणाचं भलं झालंय? जा, आर्नीला विचार!"

यावर ती काय बोलणार? 'थांब, तू जगशील' म्हणावं, तर तसा शब्द कुणी दिला होता? आणि 'घे' म्हणावं, तर तू मरणार हे कबूल केल्यासारखं. तिने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

पेन्शन कचेरीतल्या बाईने दोघांना समोर बसवून नीट समजावलं. "आत्ता घेतलीत तर कमी मिळेल, आणि पुढेही कमीच राहील. वर्षभरात मन बदललं, तर घेतलेलं सगळं परत करून पुन्हा थांबता येतं. त्यानंतर नाही. आणि तुमच्यामागे यांनाही कमीच मिळेल."

"बाई, आमच्याकडे माणसं तेवढी टिकत नाहीत," रेनो हसून म्हणाला आणि त्याने सही ठोकली.

पहिली वर्षं मजेत गेली. सरोवर गोठलं की तो बर्फावर झोपडी टाकून, भोक पाडून मासे धरत बसायचा. शनिवारी सॉना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवून दोस्तांना बोलवायचा. "वरकड दिवस आहेत लेको, लुटा," म्हणायचा. वडील ज्या वयात गेले ते वय आलं आणि सरलं. काकांचंही सरलं. रेनोला साधा खोकला होईना. डॉक्टर म्हणाला, हृदय घोड्याचं आहे. रेनोने ही बातमी घरी सांगितली ती चोरी पकडली गेल्यासारखी, खाली बघून.

पेन्शन मुंगीच्या पावलांनी वाढायची आणि घर तापवायच्या तेलाचा भाव उड्या मारत. लोर्ना सुटीच्या दिवशीही कामावर जाऊ लागली.

सत्तराव्या वाढदिवसाला तिने वेलची घातलेला गोड पाव भाजला. रेनोने त्याला हात लावला नाही.

"मी वेळेवर गेलो असतो तर हिशेब बरोबर आला असता."

"तोंड आवर!" ती कडाडली. "जिवंत आहेस म्हणून माझी माफी मागतोस?"

"मग कुणाची मागू?"

लोर्ना उठून मोरीकडे गेली. तिथे भांडी घासताना तिच्याही मनात एकदा तो हिशेब येऊन गेला होता, आणि त्या दिवशी ती स्वतःलाच घाबरली होती. त्याला हे सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात तिचा खांदा गेला. मोठी पातेली उचलवेनात, तेव्हा वृद्धाश्रमाने गोड बोलून तिला घरी बसवलं. तिलाही नुकतीच बासष्ट पूर्ण झाली होती.

"तू तरी थांब गं," रेनो अक्षरशः विनवू लागला. "तुमच्याकडच्या बायका नव्वदी गाठतात. तुझी आईच बघ."

"तेलवाल्याला काय सांगू? माझी आई नव्वद वर्षं जगली, तेव्हा तूही थांब म्हणून?"

कचेरीत या वेळी एक तरुण मुलगा होता. त्याने तेच सगळं पुन्हा समजावायला घेतलं. "ठाऊक आहे रे बाबा मला," ती म्हणाली आणि दुखऱ्या हाताने तिने सही केली. रेनो आत आलाच नाही. गाडीत बसून राहिला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

गावाबाहेर आल्यावर तो म्हणाला, "हॉटेलात भांडी घासायला जाऊ का मी?"

"या वयात तुला कोण ठेवतंय?" ती बोलून गेली, आणि लगेच तिचं तिलाच लागलं. पण शब्द परत घ्यावा, तर त्या जागी दुसरं काय बोलायचं ते तिला सुचेना. रेनो समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला.